खाऱ्या टाकीचं सायकलिंग: मासा, बाटली की नवसागर?

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात मीठ विरघळलं, पाणी स्वच्छ झालं, की मासा सोडायचा मोह होतो. पण पहिला महिना जिवाणूंचा. एक गट माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा त्याचं नायट्रेट. हे गट टाकीत वसवणं म्हणजेच सायकलिंग; ते कसं करायचं, ते ठरवा.

डॅमसेल हा छोटा, काटक समुद्री मासा सोडून सायकल करायचा सल्ला दुकानात अजून मिळतो. कृपा करून तसं करू नका. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि त्या पातळीला अमोनियाचा विषारी भाग वाढतो. काटक मासाही कल्ले भाजून घेतो.

समुद्रातून काढलेला 'जिवंत दगड', म्हणजे जिवाणू वसलेला प्रवाळाचा दगड, कुणी देऊ केला तर नाही म्हणा. दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. कोरडा दगड किंवा सिरॅमिक घ्या.

उरले दोन मार्ग. बाटलीतले जिवाणू म्हणजे विरजण: जिवंत असेल तर एक-दोन आठवड्यांत काम होतं. अडचण वाटेतली आहे. मे महिन्यात लातूर-बीडकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि कुरिअरच्या गाडीत दिवसभर तापलेली बाटली मेलेली असू शकते. थंडीत मागवा, तारीख बघा.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाल्याकडचाच पदार्थ; टाकीसाठी मात्र प्रयोगशाळेच्या दर्जाचा, शुद्ध घ्या. १०० लिटरला साधारण ०.६ ग्रॅम टाकलं की अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम होतो. खर्च नगण्य, पण जिवाणू आपोआप यायची वाट बघावी लागते: चार ते सहा आठवडे, कोरड्या दगडावर कधी त्याहून जास्त.

खरं तर बाटलीतल्या जिवाणूंनाही खाद्य लागतंच, म्हणजे नवसागर दोन्हीकडे आलाच. मी हिवाळ्यात दोन्ही वापरीन, उन्हाळ्यात फक्त नवसागर आणि धीर.

आपल्याकडे पाण्याकडे जास्त लक्ष द्या. बोअरच्या पाण्यात नायट्रेट आधीच असू शकतं, टँकरच्या पाण्यात क्लोरीन. आरओचं पाणी घ्या, पण घरच्या आरओत चवीसाठी मूळ पाणी मिसळणारा व्हॉल्व्ह असतो, तो बंद करून टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. वीज गेली की पाणी फिरायचं थांबतं आणि या जिवाणूंना प्राणवायू लागतो. बॅटरीवरचा एअर पंप आधीच आणून ठेवा.

२ मिलिग्रॅमचा डोस २४ तासांत संपला, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की बरंचसं पाणी बदलून नायट्रेट उतरवा. मग एकच मासा सोडा.