वॉरंटीचं स्टिकर आणि आत भरलेलं ग्रीस

जुना ट्रक घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्याला गंडवणं फार सोपं असतं. त्याला काम येत नाही म्हणून नव्हे. पार्ट खराब निघाला की सगळा दोष त्याच्या हातावर ढकलता येतो म्हणून. "तुम्ही घरी बसवलात ना? मग बसवतानाच काहीतरी गडबड झाली असणार." एवढं म्हटलं की विकणारा मोकळा. माझ्या ट्रकला 'रिकंडिशन केलेला' टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) विकणाऱ्याने नेमकं हेच केलं. त्याची पद्धत इतकी पद्धतशीर होती की हा धंदा एकट्या माझ्यापुरता नाही, याची मला खात्री आहे. विकणाऱ्याचं नाव देत नाही. पद्धत मात्र अथपासून इतिपर्यंत सांगतो, कारण नाव बदलून दुसरा कोणीही तीच वापरू शकतो.

ट्रकचं रनिंग पाच लाख किलोमीटरच्या वर गेलेलं आहे. इंजिन तरीही चांगलं. डिपस्टिक काढून बघितली तरी बॅक कॉम्प्रेशन (पिस्टनजवळून खाली गळणारा वायूचा दाब) मारत नाही, ऑइलचं प्रेशर कंपनीच्या पुस्तकात दिलंय तेवढं येतं. म्हणूनच या गाडीवर मेहनत घ्यायचं ठरवलं होतं. सस्पेन्शनचे बुश, इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज, हेडलाइटला रिले टाकून नवीन वायरिंग, अशी एकेक कामं उरकत आणली. राहिला टर्बो. चढाला गाडी दम टाकायची, काळा धूर सोडायची आणि टर्बोचा शाफ्ट हाताने हलवला की पंखा बॉडीला घासायचा. नवा टर्बो महाग, म्हणून रिकंडिशन घ्यायचा. हा मार्ग वाईट नाही. नीट केलेलं रिकंडिशनचं काम नव्याच्या तोडीचं चालतं, हे मी इतरांच्या गाड्यांवर पाहिलेलं आहे.

पण नीट म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर फसवणूक कुठे झाली ते कळणार नाही. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखभर फेरे घेतो. एका टोकाला सायलेन्सरकडे जाणारा तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला इंजिनकडे जाणारी हवा. बहुतेक टर्बोंमध्ये बॉल बेअरिंग नसतं. बेअरिंग आणि शाफ्ट दोन्ही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतात. त्यामुळे रिकंडिशन करणाऱ्याने बॉडी आतून कार्बनमुक्त करायची, शाफ्टची मापं घ्यायची, जर्नल बेअरिंग, थ्रस्ट बेअरिंग आणि सीलच्या रिंगा नव्या टाकायच्या आणि शेवटी फिरणारा सगळा भाग मशीनवर बॅलन्स करायचा. बॅलन्स करताना पंख्याच्या नटावरून किंवा पंख्याच्या मागच्या बाजूने किंचित धातू घासून काढतात. त्या घासण्याच्या ताज्या खुणा चकचकीत दिसतात. रंग कोणीही मारू शकतो. ही खूण मात्र सहसा मशीनवर बॅलन्स करतानाच उमटते.

आता त्या माणसाची व्यवस्था बघा. जुना टर्बो आधी पाठवायचा, तो मिळाल्यावर तयार टर्बो येणार. एक्स्चेंजमध्ये हे चालतं, त्यात वावगं काही वाटत नाही. पण यामुळे तुमचा मूळ पार्ट पहिल्याच पावलाला तुमच्या हातातून जातो. आलेला माल परत करायचा म्हटलं तर गाडी उभीच, आणि बसवायला घरात दुसरं काही नाही.

दुसरं, टर्बोच्या हवेच्या तोंडावर आणि ऑइलच्या भोकांवर प्लॅस्टिकच्या टोप्या, आणि त्या टोप्यांवर स्टिकर: 'फाडल्यास परत घेतला जाणार नाही'. मी फोनवर विचारलं, टोपी काढल्याशिवाय शाफ्ट तपासायचा कसा? उत्तर तयार होतं. "धूळ गेली तर टर्बो जातो साहेब, म्हणून सील करतो." धुळीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. खऱ्या कारणामागे खोटा हेतू लपवला की समोरच्याला शंका घ्यायलाही जागा राहत नाही.

तिसरं, वॉरंटीच्या अटी. बोलताना 'पूर्ण वॉरंटी' म्हणाला. बिलाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं, की टर्बो मान्यताप्राप्त गॅरेजमध्ये बसवल्याचं बिल जोडलं तरच वॉरंटी लागू. मी काम घरी करतो हे त्याला पहिल्या फोनपासून माहीत होतं. मीच सांगितलं होतं. त्यावर तो कौतुकाने बोलला आणि कोणता बोल्ट किती कसायचा याच्या सूचनाही दिल्या. हे बिल खोक्यातून टर्बोबरोबरच हातात पडलं, आधी नाही.

बसवताना मी काही बाकी ठेवलं नाही. ऑइल आणि फिल्टर बदलला, टर्बोला ऑइल देणारा पाइप नवा टाकला, परतीचा पाइप मोकळा आहे ना ते बघितलं, इंटरकूलर उतरवून त्यात साठलेलं जुनं ऑइल काढून टाकलं, सगळी गॅस्केट नवी. इंजिन सुरू करण्यापूर्वी टर्बोच्या भोकात हाताने ऑइल ओतलं. तेव्हा खालच्या भोकातून ऑइलबरोबर पिवळट ग्रीसचे गोळे बाहेर आले. शाफ्ट हलवून पाहिला तर अगदी घट्ट, कुठल्याच बाजूला हलत नव्हता. फोन केला. तो म्हणाला, जोडताना लावतात ते ग्रीस आहे, धुऊन जाईल. जोडताना काही ना काही वंगण लावतात हेही खरंच आहे. पुन्हा तीच युक्ती.

पहिले काही दिवस गाडी सुरेख पळाली. मग गिअर बदलला की मागून निळा धूर, आणि टर्बोची नेहमीची बारीक शिटी जाऊन भोंग्यासारखा आवाज. बघायला म्हणून गाडी घराजवळ आणून आयडलवर ठेवली आणि चावी बंद केली. इंजिन बंद झालं नाही. आरपीएम खाली येण्याऐवजी वर चढायला लागले आणि सगळीकडे निळा-पांढरा धूर झाला. डिझेल बंद होतं, पण टर्बोच्या झिजलेल्या सीलमधून इंजिनचंच ऑइल हवेबरोबर आत जात होतं आणि इंजिन तेच जाळून पळत होतं. पायाचा ब्रेक पूर्ण दाबला, टॉप गिअर टाकला आणि क्लच सोडला, तेव्हा कुठे ते धक्का खाऊन बंद पडलं. अशा वेळी हवेच्या पाइपवर हात कधीही ठेवू नका. फळी दाबा, किंवा कार्बन डायऑक्साइडचा आगविझवा असेल तर तो पाइपच्या तोंडात सोडा. घरापाशी होतो म्हणून निभावलं. घाटाच्या उतारावर, मागे माल भरलेला असता तर काय झालं असतं, हे मला अजून डोळ्यांसमोर आणवत नाही. बनावट पार्ट विकणाऱ्याने पैसे खाल्ले याचा राग आहेच. त्याहून मोठा राग याचा आहे, की तो पार्ट एका माणसाच्या आणि रस्त्यावरच्या लोकांच्या जिवाशी खेळणार, हे त्याला पक्कं माहीत होतं.

टर्बो उतरवून खोलला. बाहेरचा चंदेरी रंग बोल्टांच्या डोक्यांवरही होता आणि कुठेच तडकलेला नव्हता, म्हणजे रंग मारल्यानंतर कोणी पाना लावलेला नाही आणि रंग मारण्यापूर्वी खोलला असेल याचाही पुरावा नाही. आत बेअरिंगमागच्या खोबणीत काळा कार्बन जळून दगडासारखा कडक झालेला. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तर पापुद्रे निघत होते. इतका थर वर्षानुवर्षं चाललेल्या टर्बोतच साचतो, ताज्या ऑइलवर इतक्या थोड्या दिवसांत नाही. सीलची रिंग झिजून पातळ झालेली. पंख्याच्या नटावर बॅलन्सची खूण होती, पण काळवंडलेली, मूळ कारखान्यातली. ताजी एकही नाही. थोडक्यात, दुसऱ्या कोणाचा तरी संपत आलेला टर्बो धुतला, बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस भरून शाफ्टचा प्ले (सैलपणा) झाकला, रंग मारला आणि मला पाठवला. माझा पाठवलेला टर्बो बहुधा आता रंग लागून कुठल्या तरी दुसऱ्या घरी पोचलेला असेल.

फोटो पाठवून जाब विचारला तर अपेक्षित उत्तर आलं: ऑइल कमी पोचलं, तुमच्या फिटिंगमुळे. हा आरोप तपासून खोडता येतो, म्हणून सविस्तर लिहितो. ऑइल न पोचल्याने टर्बो गेला तर शाफ्ट बेअरिंगच्या जागी तापून निळा-काळा पडतो. माझा पडलेला नव्हता. बाहेरची वस्तू आत गेली तर पंख्याची पाती समोरच्या कडेला ठेचतात. पाती शाबूत होती. इंजिनचं बॅक कॉम्प्रेशन जास्त असेल तर टर्बोतलं ऑइल खाली उतरत नाही आणि सीलमधून बाहेर पडतं. ते नसल्याचा व्हिडिओ टर्बो मागवण्यापूर्वीचाच होता. हे सगळं मी मुद्देसूद लिहून पाठवलं. पुढे त्याने फोन घेणं बंद केलं. पैसे परत आले नाहीत.

त्याने 'अपग्रेड' म्हणून एक छोटी डबीही दिली होती, डॅशबोर्डखालच्या 16 खुंट्यांच्या तपासणीच्या सॉकेटमध्ये खोचायची. पॉवर वाढते आणि ॲव्हरेज सुधारतो, असा दावा. हिच्याबद्दल मला फार लिहायचं नाही, पण हीसुद्धा खोलून पाहिली. त्या सॉकेटमध्ये 16 नंबरच्या खुंटीवर बॅटरीचा प्लस असतो, 4 आणि 5 वर अर्थ, आणि ज्या गाड्यांत कॅन लाइन (संदेश नेणाऱ्या तारांची जोडी) असते तिथे इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलणं 6 आणि 14 वरून होतं. डबीच्या आत तारा जोडलेल्या होत्या त्या फक्त प्लस आणि अर्थला. बाकी खुंट्या नुसत्या शोभेला. करंट घ्यायचा आणि दिवा लुकलुकवायचा, एवढंच तिचं काम. ज्याला गाडीच्या कॉम्प्युटरशी संबंधच नाही ते यंत्र डिझेल किती सोडायचं हे बदलणार कसं?

रिकंडिशन टर्बो घ्यायचाच असेल तर जुना टर्बो आधी देऊ नका. वाटल्यास अनामत ठेवा, पण तुमचा पार्ट तुमच्याकडेच राहू द्या. टोप्यांवर स्टिकर असेल तर ते फाडून शाफ्ट तपासण्याची मुभा लेखी मागा. मिळाली की ऑइलच्या भोकातून स्वच्छ डिझेल ओतून ग्रीस धुऊन काढा आणि मगच शाफ्ट हलवा. पुढेमागे होणारी हालचाल डायल गेजने मोजा. ती साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतच असायला हवी. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्या. आडवी हालचाल मात्र थोडी असतेच, कारण बेअरिंग ऑइलवर तरंगतं. शाफ्ट कोरडा असताना कणभरही आडवा हलत नसेल तर आत काहीतरी भरलेलं आहे. नटावर किंवा पंख्यामागे बॅलन्सची ताजी चमकदार खूण शोधा आणि मशीनवरचा बॅलन्सचा कागद मागा. वॉरंटीच्या अटी पैसे देण्यापूर्वी लेखी घ्या आणि 'मी हा घरी बसवणार आहे' हे वाक्य त्याच संभाषणात लिहून त्यावर त्याचं उत्तर घ्या. मी ते फोनवर सांगितलं होतं, आणि फोनवरचं बोलणं त्याने सरळ नाकारलं.

मी पुढे पूर्ण टर्बोऐवजी फक्त मधलं नवं कार्ट्रिज (शाफ्ट, पंखे आणि बेअरिंगचा तयार भाग) घेतलं, बॅलन्सच्या कागदासकट, आणि जुन्या हाउसिंगमध्ये बसवलं. गाडी आता धूर सोडत नाही.

ज्यांनी असा रंगवलेला टर्बो आधीच बसवलाय त्यांनी गाडी पुढच्या फेरीला काढण्यापूर्वी टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा होज काढून आत बोट फिरवावं. ऑइलचा हलका ओशटपणा असतोच, त्याने घाबरू नका. पण होजमध्ये ऑइल साचलेलं दिसलं, किंवा होज वाकवल्यावर ते ओघळलं, तर इंजिन सुरू करू नका.