दत्तकाच्या कागदांसाठी बेळगावातील एक भाषांतर केंद्र: अकरा महिन्यांचा अनुभव

बेळगावात न्यायालय आणि जिल्हाधिकारी कचेरीच्या परिसरात टंकलेखन आणि भाषांतर करून देणारी छोटी दुकाने आहेत. त्यांपैकी एका दुकानात गेले अकरा महिने माझे जाणे-येणे आहे. दुकानाला पाटी नाही. चालवणारे गृहस्थ निवृत्त कन्नड शिक्षक असल्याने सगळे त्यांना मास्तर म्हणतात. ज्यांच्या घरात दत्तकाचे प्रकरण चालू आहे, त्यांनी कागद घेऊन आधी या मास्तरांकडे जावे, असे मी मनापासून सांगतो.

माझा धाकटा भाऊ अनंत आणि भावजय दोघेही गेल्यानंतर त्यांची नऊ वर्षांची मुलगी खानापूर तालुक्यात माझ्या आईजवळ वाढते आहे. अमेरिकेत राहणारी माझी बहीण, म्हणजे तिची आत्या, तिला दत्तक घेत आहे. बालन्याय अधिनियमाच्या व्याख्येत आत्या नातेवाईक ठरते. तरीही आत्या परदेशात असल्यामुळे प्रकरण हेग कराराखाली (दोन देशांमधल्या दत्तकासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) चालते आणि तिकडचा गृह-अध्ययन अहवाल (दत्तक घेणाऱ्याच्या घराच्या पाहणीचा), इकडच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा कौटुंबिक अहवाल, ‘कारा’ची (दत्तकाचे काम पाहणारे केंद्रीय प्राधिकरण) पूर्वमंजुरी आणि मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, असे टप्पे एकामागून एक पार करावे लागतात. सप्टेंबर 2022 पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. या सगळ्या टप्प्यांवर मुलीचे आणि आईवडिलांचे नाव अक्षरशः सारखे असावे लागते, आणि आपल्या भागात नेमके तिथेच अडते.

आमचे जन्म-मृत्यूचे दाखले कन्नडमध्ये आहेत, भावाचा शाळा सोडल्याचा दाखला मराठीत आहे आणि पारपत्राचे कागद इंग्रजीत आहेत. पहिल्यांदा शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी भाषांतर करून घेतले. मराठीत आपण ‘अनंत’ असा शेवटचा त तोडून म्हणतो, कन्नडमध्ये त्या अक्षरातला अकार पूर्ण उच्चारतात, आणि तिथल्या भाषांतरकाराने मृत्यूच्या दाखल्यावरून इंग्रजीत ‘अनंता’ लिहिले. अहवालात मात्र ‘अनंत’ होते. प्रकरण शंका काढून परत आले आणि सात आठवडे गेले. त्या सात आठवड्यांत आत्याचा फोन आला की पोरगी पहिला प्रश्न एकच विचारायची, “आता कुणी सही करायची राहिली?”

त्यानंतर मास्तरांकडे गेलो. ते दाखल्यावर लाकडी पट्टी ठेवतात आणि एकेक ओळ मोठ्याने वाचल्याशिवाय पट्टी खाली सरकवत नाहीत. प्रत्येक नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधी एका वहीत तांबड्या पेन्सिलीने लिहितात, पारपत्राशी आणि आधार कार्डाशी ताडून पाहतात, आणि मगच टंकायला देतात. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो, आणि आमच्या कन्नड दाखल्यांत वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर होते. ही अडचण मी सांगण्याआधी त्यांनीच ओळखली आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करायला सांगितले. भावाच्या जुन्या कागदांवर गावाचे नाव इंग्रजीत ‘बेलगाम’, तर मुलीच्या दाखल्यावर 1 नोव्हेंबर 2014 नंतरचे ‘बेळगावी’ होते. अमेरिकेत बसलेल्या माणसाला ही दोन वेगळी शहरे वाटू शकतात, म्हणून भाषांतराखाली त्याचीही एक ओळ त्यांनी जोडली. पाच वर्षांवरील मुलाची संमती घ्यावी लागते, म्हणून पुतणीलाही मी एकदा सोबत नेले होते. संमतीपत्रात काय लिहिले आहे ते मास्तरांनी तिला सोप्या मराठीत समजावले आणि “तुला न कळलेला शब्द यात राहता कामा नये” असे म्हणून दोनदा वाचून दाखवले. आईच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आले.

दर पानाला 250 रुपये घेतात. शेजारच्या दुकानांपेक्षा हे थोडे जास्त असले तरी मला ते रास्त वाटले, कारण त्यांनी केलेला एकही कागद आजवर परत आलेला नाही.

एका बाबतीत मात्र मी नाराज आहे. अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारे प्रमाणन, परराष्ट्र मंत्रालयाकडून होते आणि त्यासाठी कागद मध्यस्थामार्फत पाठवावे लागतात. आठ दिवस सांगितलेल्या कामाला तीन आठवडे लागले, आणि उशीर होतो आहे हे कळवणारा एक फोनही दुकानातून आला नाही. महिन्यांमागून महिने वाट पाहणाऱ्या घराला तो न आलेला फोन फार जड जातो. हे मी मास्तरांना तोंडावर सांगितले, आणि त्यांनी ते मान्य केले. म्हणून अपोस्टिलचे काम स्वतः पाठपुरावा करून घ्यावे, आणि पोच हातात पडेपर्यंत रोज विचारावे.

सध्या आमचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांपुढे आहे. कायद्यात निकालासाठी दोन महिन्यांची मुदत आहे, त्यांतले पाच आठवडे झाले. आदेशानंतर ‘कारा’ची नाहरकत, दत्तक हेग करारानुसार झाल्याचे अनुरूपता प्रमाणपत्र आणि मग मुलीचे पारपत्र राहील. या सगळ्यांसाठी लागणाऱ्या भाषांतरांचे जादा संच मास्तरांनी आताच करून ठेवले आहेत. दुपारी एक ते तीन दुकान बंद असते, आणि मूळ कागद पाहिल्याशिवाय, केवळ झेरॉक्सवरून, ते काम घेत नाहीत.