भुजचं स्मृतिवन की अंजारचं वीर बालक स्मारक?

कच्छच्या सहलीत पांढरं रण, धोलावीरा आणि मांडवी ठरलेलीच असतात. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाची आठवण जपणाऱ्या जागांसाठी मग जेमतेम अर्धा दिवस हाती राहतो. अशा जागा मुख्यतः दोन. दोन्हींचं उद्घाटन २८ ऑगस्ट २०२२ लाच झालं, अंतर साधारण ४५ किलोमीटर. बाकी सारखं फारसं काही नाही.

स्मृतिवन भुजिया डोंगरावर ४७० एकरांत पसरलंय. डोंगरउतारावर पावसाचं पाणी अडवणारे छोटे जलाशय बांधलेत आणि त्यांच्या भिंतींवर मृतांच्या नावांच्या पाट्या आहेत, एकूण १२,९३२. कच्छसारख्या कोरड्या मुलखात आपल्या माणसांची नावं पाण्याकाठी लावणं, ही कल्पना मला संग्रहालयातल्या सगळ्या पडद्यांपेक्षा मोठी वाटते. संग्रहालयाची सात दालनं आहेत. पृथ्वीची जडणघडण, हडप्पा संस्कृती, मग भूकंप, मदतकार्य, पुनर्वसन असा क्रम. पुनर्बांधणीचा भाग जरा सरकारी जाहिरातीच्या सुरात जातो, तिथे पाय उचलायला हरकत नाही. गर्दी असते ती भूकंपाचा अनुभव देणाऱ्या दालनात. सभोवार पडदे, कानठळ्या बसवणारा आवाज आणि पायाखाली हादरणारी जमीन. मुलांना हे थरारक वाटतं. पण सोबत १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेलं कुणी असेल, तर त्यांना आत नेण्याआधी विचारा. एकूण तीन तास तरी लागतात. चढ आहे, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांनी आधी चौकशी करावी.

अंजारला थरार नाही. त्या सकाळी प्रजासत्ताक दिनाची फेरी जुन्या गावातल्या अरुंद गल्लीतून चालली होती. पावणेनऊच्या सुमारास दोन्ही बाजूंची घरं कोसळली आणि १८५ विद्यार्थी व २० शिक्षक गेले. हे स्मारक त्यांचंच. भिंतीवर त्यांची नावं आणि छायाचित्रं आहेत. भुजमध्ये आकडा पेलत नाही. इथे एकेक चेहरा बघत पुढे जाता येतं. तासाभरात होतं. मात्र लहान मुलांना नेणार असाल तर काय घडलं ते आधी घरी सांगा. आपल्याच वयाच्या मुलांचे फोटो समोर आल्यावर प्रश्न येणारच.

एकच निवडायचं, सोबत शाळकरी मुलं आणि भूगोलाची आवड असेल, तर स्मृतिवन. फक्त सोमवार टाळा, संग्रहालय बंद असतं. दोघं-चौघं मोठी माणसंच असाल, तर मी अंजार म्हणेन, जरी सहल कंपन्यांच्या कार्यक्रमात ते सहसा नसलं तरी. मुंबईहून रेल्वेने येणाऱ्यांना दोन्ही जमू शकतं: भुजऐवजी गांधीधामला उतरायचं, गाडी करून अंजार बघायचं आणि तसंच पुढे भुजला जायचं. वाटेत अजरखपूरला थांबता येईल. भूकंपानंतर धमडका गावाचं पाणी बिघडलं, अजरख या ठशांच्या कापडछपाईच्या रंगाला चालेना, म्हणून तिथल्या छपाई करणाऱ्या खत्री कुटुंबांनी वसवलेलं हे नवं गाव. खरेदीला वेळ राखून ठेवा.