वर्कशॉप, क्लास की नाटकाचा ग्रुप?

आपल्यात काहीतरी कला आहे, पण कोणती ते उमगत नाही, आणि नोकरीमुळे हाताशी फक्त शनिवार-रविवार. अशा मुंबईकराने सुरुवात कुठून करावी?

एकदिवसीय वर्कशॉप सगळ्यात सोपं. सामान तिथलंच, नाही आवडलं तर विषय संपला. १९९९ पासून भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवात तर अशी वर्कशॉप्स भरपूर असतात. मातीकाम, स्केचिंग, कॅलिग्राफी यांसाठी मी हाच मार्ग सांगेन, कारण इथे हाताला लगेच कळतं. चाकावर गोळा मधोमध बसला नसेल तर तो तळव्यांना धक्के देत राहतो. कोपरं घट्ट टेकवून ओले हात स्थिर धरले की एका क्षणी ती थरथर थांबते. पुढची वाटी वाकडी झाली तरी चालेल. पण पुन्हा गोळा लावावासा वाटला का, ते बघा. आठवडाभरात त्याची आठवणही झाली नाही, तर तेही उत्तरच आहे.

गाण्याला आणि तबल्याला मात्र हे माप कृपा करून लावू नका. तबल्यावर ‘ना’ वाजवताना अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या वर्तुळाच्या, कडेला टेकवायची आणि तर्जनीने किनारीवर, म्हणजे पुडीच्या बाहेरच्या काठावर, वाजवायचं. एवढा एक बोल स्वच्छ निघायलाच आठवडे जातात. महिन्याभरात ‘आपल्याला तालाचं अंगच नाही’ म्हणून सोडून देणारे पाहिले की वाईट वाटतं, कारण त्यांची खरी परीक्षा झालेलीच नसते. इथे एकाच गुरूंकडे निदान वर्ष काढावं. गांधर्व महाविद्यालय मंडळाची ‘प्रारंभिक’ ही पहिली परीक्षा द्यावी आणि मग ठरवावं.

ज्याला कशाचाच अंदाज नाही, त्याने सरळ हौशी नाटकाचा ग्रुप गाठावा, असं माझं ठाम मत आहे. एका एकांकिकेत लेखन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत, रंगभूषा सगळं येतं आणि माणसं कमी असल्याने प्रत्येकाला दोन-तीन कामं अंगावर घ्यावीच लागतात. भूमिका करायला आलेला मुलगा लाइट्समध्ये रमतो, तो असाच. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी गटात नोकरदारांचा भरणा असल्यामुळे तालमीही ऑफिस सुटल्यावरच. पण स्पर्धा जवळ आली की रोज रात्र होते, घरच्यांची साथ लागते. एकट्याने काम करण्यात सुख असेल तर हा मार्ग जाचेल.

‘एकच काहीतरी धरायला हवं होतं, आता उशीर झाला’ ही खंत मनातून काढून टाका. गायिका किशोरी आमोणकरांना घरातच आईची, मोगूबाईंची, तालीम मिळाली. सगळ्यांच्या घरी मोगूबाई नसतात. अमोल पालेकर जे.जे.मध्ये चित्रकला शिकले, बँकेत नोकरी केली, नाटक-सिनेमात गेले आणि पुढे पुन्हा चित्रांकडे वळले.

राहता राहिला प्रवास. बोरिवलीत राहून ठाण्याचा क्लास लावाल तर गुरू कितीही चांगले असोत, पावसाळ्यात खाडे सुरू होतील. आपल्याच लाइनवर शोधा, आणि बॅच निवडता येत असेल तर शनिवारची घ्या. मेगाब्लॉक बहुतेक रविवारीच असतो.