किल्ल्यांच्या जुडग्यात आता मेलचीही किल्ली

सांगलीत माझं कर सल्लागाराचं छोटं ऑफिस आहे. जुलैत रिटर्नच्या हंगामात माझ्या मेलमध्ये दीडशे घरांचे पॅन, आधार, फॉर्म १६ पडलेले असतात. गेल्या हंगामात रात्री साडेअकराला एका क्लायंटच्या नावाने मेल आला : फाइल बघायला लॉगिन करा. पान हुबेहूब गुगलचं. पासवर्ड टाकला, ओटीपी टाकणार, तेवढ्यात विरजणासाठी तापत ठेवलेलं दूध उतू गेलं. गॅस पुसून आले आणि मग पानाचा पत्ता नीट वाचला, तो गुगलचा नव्हताच. घाम फुटला.

पासवर्ड लगेच बदलला आणि त्याच आठवड्यात यूबीकी ५सी एनएफसी मागवल्या, म्हणजे लॉगिन करताना ओटीपीच्या जागी लावायच्या किल्ल्या. दोन. एकच घ्यायची असेल तर घेऊच नका. हरवली की बसा बोंबलत. दोन्हींचे मिळून साध्या स्मार्टफोनएवढे पैसे गेले, आणि हातात आलं काय, तर बोटाच्या दोन पेरांएवढी काळी पट्टी. ना स्क्रीन, ना बॅटरी. लॅपटॉपला लावायची, सोनेरी चकती लुकलुकली की बोट टेकवायचं. फोनच्या पाठीला लावली तरी चालते.

ती चकती बोटाचा ठसा ओळखते असा माझा समज होता. ऑफिसातल्या मुलाने सहज बोट लावलं आणि मेल उघडला, तेव्हा तो समज फिटला! समोर कुणीतरी माणूस आहे, एवढंच ती बघते. त्यामुळे किल्ली लॅपटॉपला अडकवून चहाला जायचं नाही. किल्लीला पिन लावलात तर लक्षात ठेवा : सलग आठदा चुकला की कुलूपबंद, मग रीसेट आणि सगळी नोंदणी पुन्हा.

पैसे वसूल होतात ते एका गोष्टीत. नोंदणी होताना किल्ली साइटच्या खऱ्या पत्त्याशी बांधली जाते. नकली पानाला तिची सही मिळतच नाही, मी कितीही झोपेत असले तरी. गुगलने २०१७ पासून आपल्या ८५ हजारांवर कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या वापरायला लावल्या. त्यानंतर कामाचं एकही खातं फिशिंगने, म्हणजे अशा नकली पानांच्या फसवणुकीने, गेल्याची नोंद नाही, असं कंपनीने २०१८ मध्ये सांगितलं. मात्र खात्यात एसएमएसने ओटीपी घेण्याचा पर्याय तसाच ठेवलात, तर पुढच्या दाराला कुलूप आणि परसदार उघडं.

खटकणारी गोष्ट म्हणजे हिचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, अपडेट होत नाही. २०२४ मध्ये आतल्या चिपची त्रुटी उघड झाली, ती जुन्या किल्ल्यांत तशीच राहिली. चोराला किल्ली हातात आणि महागडी उपकरणं लागतात म्हणा, तरी घेताना फर्मवेअर ५.७ किंवा पुढचं व्हर्जन आहे ना, ते विचारा.

दुसरी किल्ली लॉकरमध्ये, सासूबाईंच्या पाटल्यांच्या डबीत ठेवली. "ही कुठल्या कुलपाची गं?" मेलची म्हटल्यावर म्हणाल्या, "मग चिठ्ठी लाव वर, दिवाळीच्या साफसफाईत जाईल." लावली.