पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) का सिरॅमिक कोटिंग? दाजींच्या पोर्शेवर साताऱ्यात काम करून घेतलं त्याचा रिव्ह्यू

गाडी माझी नाही हे आधीच सांगतो, नायतर लगेच पार्टी मागाल. दाजींनी सेकंडहॅन्ड पोर्शे ७१८ केमन घेतली, हळदीसारखी पिवळी, गावातली पोरं तिला बेडकी म्हणतात. दाजींचा धंदा खडी क्रशरचा. म्हणजे हायवेला ज्या डंपरमधनं खडी उडती त्यातला एखादा आमचाच असणार, आणि आता तेच विचारतायत रंगाचे टवके उडू नयेत म्हणून काय करायचं. शोधायचं काम माझ्या गळ्यात, कारण मी दिवसभर मोबाईलवरच असतो असं ताईचं म्हणणं.

ज्याला विचारावं तो सिरॅमिक सिरॅमिक करत होता. पहिल्या दुकानातला पोरगा म्हणला सर ९एच आहे, दगड मारला तरी काय होत नाही. अरे बाबा, शाळेत एचबी, २एच पेन्सिली असायच्या ना, तीच मोजपट्टी ही, पेन्सिलीनं घासून बघतात कोटिंगवर रेघ उठती का. पेन्सिलीचा आणि ताशी शंभरनं येणाऱ्या खडीचा काय संबंध? सिरॅमिकचा थर जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा, त्यानं पाणी घसरतं, चिखल चिकटून बसत नाही, धुवायला सोपं जातं, बास. खडी अडवायची तर पीपीएफच पाहिजे, टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकची फिल्म, ८ मिल म्हणजे साधारण २०० मायक्रॉन, आणि गाडीचा कंपनीचा रंग प्रायमरपासून क्लिअरकोटपर्यंत सगळा धरून १००-१५० च्या आसपास असतो, म्हणजे फिल्मच रंगापेक्षा जाड. बारीक ओरखडे उन्हात नायतर गरम पाण्यानं आपोआप बुजतात, हे मी स्वतः चहाच्या किटलीतलं पाणी ओतून बघितलंय. खोल चीर पडली तर मात्र ती काय बुजत नाही.

दुसऱ्या दुकानात स्वस्तात करून देतो म्हणले, पण ती पीव्हीसी फिल्म होती, कडक आणि लवकर पिवळी पडणारी. दाजी म्हणले, पडू दे की, गाडी पिवळीच आहे! त्यांना तिथनं ओढत बाहेर आणलं, कारण आत एका पांढऱ्या एसयूव्हीवर फिल्म लावून पोरगा तिथंच बॉनेटवर ब्लेड फिरवत होता, हात जरा जड पडला की खालच्या रंगावर चीर गेली म्हणून समजा.

शेवटी तिसरीकडं दिली, तिथं प्लॉटरवर, म्हणजे कॉम्प्युटरनं चालणाऱ्या कापायच्या मशीनवर, फिल्म गाडीच्या मापात कापून घेतात आणि कडा आत दुमडतात. पूर्ण गाडीचा आकडा ऐकून दाजी गप्पच झाले, मग ठरलं की बंपर, बॉनेट, पुढचे फेंडर, आरसे, हेडलाईट, दाराखालची पट्टी आणि मागच्या चाकांपुढचा भाग एवढ्याला फिल्म, बाकी सिरॅमिक. तो मागच्या चाकांपुढचा भाग अजिबात सोडू नका, पुढचे टायर खडी उचलून बरोबर तिथंच मारतात आणि केमनची मागची बाजू तिथंच फुगीर आहे.

दुकानदाराचं एक लय आवडलं. काम सुरू करायच्या आधी त्यानं मीटर लावून रंगाची जाडी मोजली आणि उजव्या दारावर आकडा दुपटीच्या वर! दार रिपेंट केलेलं, विकणाऱ्यानं चकार शब्द काढला नव्हता. दाजींचा चेहरा असा की त्यांच्याच क्रशरची सबसिडी अडकलीय. रिपेंटवर फिल्म लावली तर पुढंमागं काढताना रंगच सोलून यायची भीती असती हे त्यानं आधीच सांगितलं आणि दाराला फिल्म नाकारली, पैसे जात असताना. असा माणूस सापडणं अवघड.

धुणं, क्ले (रंगात रुतलेली घाण मऊ चिकणमातीसारख्या गोळ्यानं काढणं), पॉलिश, फिल्म धरून चार दिवस गेले. आत पाण्याचे छोटे फुगे दिसत होते, घाबरून फोन केला, म्हणला आठवड्यात सुकतील, तोवर धुवू नका. सुकले. पण बाराव्या दिवशी बंपरचा डावा कोपरा उचलला, आणि मग दोन दिवस फोनच उचलला नाही त्यानं! तिसऱ्या दिवशी समोर जाऊन उभं राहिल्यावर तो तुकडा फुकटात नवीन लावून दिला, तक्रार करायची नाही पण फोन तरी घे की राव. बॉनेटवर लोगोच्या बाजूला फिल्मखाली धुळीचा एक कण आहे, दाजींना अजून दिसला नाही, तुम्ही सांगू नका.

घरी बोअरच्या पाण्यानं भर उन्हात धुवू नका, पांढरे डाग सिरॅमिकवर पण बसतात. प्रेशरचा पाईप फिल्मच्या कडेजवळ धरू नका.

उसाच्या ट्रॉल्यांचा अख्खा सीझन आणि खंबाटकी घाटाच्या पाच-सहा फेऱ्या झाल्या, बंपरवरच्या फिल्मला बारीक खड्डे मोजून सात, खाली रंग शाबूत. दाजींनी आता क्रशरवरच्या सगळ्या डंपरना ताडपत्री बांधायला लावलीय, एवढी वर्षं लोक बोंबलत होते तेव्हा नाही.