मोनाल की पश्चिमी ट्रॅगोपॅन?

दोघेही हिमालयातले फेझंट, मोराच्याच कुळातले. पण स्वभाव पार वेगळे. मोनाल मोकळ्यावरचा गडी. उन्हाळ्यात झाडोरा संपतो त्याच्याही वर, गवताळ उतारांवर, साधारण ४,५०० मीटरपर्यंत चढतो आणि थंडीत खाली जंगलात येतो. त्याची खरी मिजास चोचीत आहे: वरचा भाग लांब आणि वाकलेला, कुदळीसारखा. त्या चोचीने तो माती, प्रसंगी बर्फही उकरतो आणि कंद, मुळं, किडे काढून खातो. नराचा चकचकीत हिरवा तुरा आणि तांबूस मान लगेच डोळ्यांत भरतात; उडाला की पाठीवरचा पांढरा पट्टा झळकतो. मादी मात्र साधी, तपकिरी.

ट्रॅगोपॅन दाट झाडीत दडून राहतो. पानं, कोंब खातो आणि घरटं बहुधा झाडावर बांधतो, जे फेझंटमध्ये विरळाच. मादीला रिझवताना नर गळ्याखालची रंगीत कातडी पसरतो, डोक्यावर दोन निळी शिंगं उभारतो. असला थाट मोनालकडे नाही!

२००७ मध्ये हिमाचल प्रदेशाने राज्यपक्षी म्हणून मोनालऐवजी ट्रॅगोपॅन निवडला. मला ते पटतं. मोनाल उत्तराखंडचा राज्यपक्षी आणि नेपाळचा राष्ट्रीय पक्षी आहेच, शिवाय त्याची अवस्था तुलनेने बरी. ट्रॅगोपॅन धोक्यात आहे. पहिल्यांदाच पाहायला निघालात तर मात्र मोनालच शोधा.